लाल मुनिया

लाल मुनिया : पक्षिवर्गाच्या पॅसेरिफॉर्मिस गणातील एस्ट्रिल्डिडी कुलातील एक लहान बीजभक्षक पक्षी. याचे शास्त्रीय नाव ॲमँडाव्हा ॲमँडाव्हा असे आहे. मराठीत याला लाल मनोली असेही म्हणतात. उत्तर भारतात नराला ‘लाल’ व मादीला ‘मुनिया’ म्हणण्याची जुनी रीत आहे. इंग्रजीत तो ‘रेड अवदावत’ किंवा ‘स्ट्रॉबेरी फिंच’ या नावांनी ओळखला जातो. विणीच्या हंगामातील नराच्या लालभडक अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची पखरण असल्यामुळे दुसरे नाव त्याला चपखल बसते. भारतीय उपखंडातील गवताळ व दलदलीच्या प्रदेशांत हा पक्षी आढळतो. पिंजऱ्यात पाळण्यासाठी त्याला निदान साडेतीनशे वर्षांपासून पकडले जात आहे. आज उघड्या रानात त्याला ओळखू शकणाऱ्यांपेक्षा केवळ पिंजऱ्यातील पक्षी म्हणून त्याचे नाव ऐकलेले लोक बहुधा अधिक असावेत.

फिंच हे नाव त्याला सैलपणे लावले जाते. खरे फिंच फ्रिंजिलिडी या निराळ्या कुलातील आहेत. कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये या पक्ष्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले तेव्हा जाड चोचीच्या अनेक बीजभक्षक पक्ष्यांबरोबर त्यालाही फ्रिंजिला या वंशात घातले. पुढे एडवर्ड ब्लाइथ यांनी १८३६ मध्ये त्याच्यासाठी ॲमँडाव्हा हा वंश स्थापिला. विसाव्या शतकातील बऱ्याच पुस्तकांत मात्र तो एस्ट्रिल्डा वंशात दाखविलेला आढळतो आणि मुनियांचा सर्व गट सुगरणीच्या प्लोसीडी कुलाचा एक भाग म्हणून दिलेला असतो. जुने ग्रंथ चाळणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले म्हणजे घोटाळा होत नाही. हल्लीच्या वर्गीकरणात मुनिया व त्यांचे आप्त यांचे एस्ट्रिल्डिडी हे स्वतंत्र कुल मानतात. त्यात सुमारे १४० जाती असून त्या आफ्रिका, दक्षिण व आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलिया व आसपासची बेटे येथे पसरलेल्या आहेत. खरे फिंच वाटीसारखे उघडे घरटे बांधतात आणि त्यांची अंडी बहुधा रंगीत किंवा ठिपकेदार असतात. या कुलातील पक्षी बाजूला तोंड असलेले बंद, गोलसर घरटे बांधतात व त्यांची अंडी शुभ्र असतात. चोचीचा आकार सारखा दिसतो तो दोघांचेही पोट बियांवर भरत असल्यामुळे. त्यावरून जवळचे नाते सिद्ध होत नाही.

वर्णन : लाल मुनिया चिमणीपेक्षा बरीच लहान असते. तिची लांबी सुमारे १० सेंमी. व वजन सुमारे १० ग्रॅम असते. चोच आखूड, शंकूसारखी व टोकदार, पण इतर मुनियांच्या मानाने बारीक असते. शेपटी आखूड, काळी व टोकाशी गोलाकार असते.

विणीच्या हंगामातील नर ओळखण्यात कोणाचीही चूक होणार नाही. त्याचे डोके, छाती व बाजू किरमिजी लाल असतात. पाठ व पंख तपकिरी असून पोटाचा मागील भाग व शेपटी काळी असते. चोच लाल असून तिच्या मुळापासून डोळ्यापर्यंत एक काळी रेघ जाते. पंख, छाती, बाजू आणि शेपटीच्या मुळाजवळचा भाग यांवर बारीक पांढरे ठिपके असतात. उन्हात गवताच्या तुऱ्यावर बसलेला असा नर पाहिला, तर एवढ्याशा पक्ष्याला माणसाने शेकडो कोस दूर का नेले असावे हे कळते.

मादीचा वेश अगदी साधा असतो. ती वरून करड्या तपकिरी रंगाची व खालून फिकट, पिवळसर झाक असलेली असते. पंखांवर मोजके पांढरे ठिपके असतात, डोळ्याजवळची काळी रेघ असते आणि पाठीचा शेपटीलगतचा भाग, म्हणजे कटी, लाल असतो.

खरी अडचण हंगाम संपल्यानंतर सुरू होते. वीण आटोपल्यावर नराची पिसे झडून नवी येतात आणि लाल वेश नाहीसा होतो. या काळातील नर मादीसारखाच तपकिरी दिसतो. त्याचा गळा व छाती थोडी अधिक करडी आणि पंखांवरचे ठिपके थोडे अधिक ठळक असतात, परंतु दुरून हा फरक जाणवत नाही. वेश बदलत असताना काही नर लाल व तपकिरी अशा चट्ट्यापट्ट्यांचे दिसतात व ते रोगट असावेत असा नवख्याचा समज होतो. बदकांच्या अनेक जातींत नरांचा असा हंगामी वेशबदल होतो. मुनियांच्या कुलात मात्र तो अपवादात्मक आहे. इतर मुनियांचे प्रौढ नर वर्षभर बहुतेक एकाच पिसाऱ्यात असतात.

पिसाऱ्याबरोबर चोचीचा रंगही बदलतो. मे महिन्यापासून चोच लाल होऊ लागते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास ती काळवंडू लागते आणि एप्रिलमध्ये झपाट्याने काळी होते. त्यानंतर हे चक्र पुन्हा सुरू होते. या चक्राचा दिवसाच्या लहानमोठेपणाशी संबंध आहे. तथापि प्रकाश व अंधार यांच्या कृत्रिम, ठरावीक क्रमात ठेवलेल्या पक्ष्यांतही चोचीचा रंग सुमारे वर्षभराच्या अंतराने बदलत राहतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. यावरून बाहेरच्या ऋतूखेरीज पक्ष्याच्या शरीरातही एक वार्षिक घड्याळ चालू असते, हे स्पष्ट होते. पिसांतील व चोचीतील लाली कॅरोटिनॉइड गटातील रंगद्रव्यांमुळे येते. पक्ष्यांना ही द्रव्ये मुळापासून तयार करता येत नाहीत. ती अन्नातून मिळवावी लागतात व मग शरीरात त्यांत बदल होतो. म्हणूनच पिंजऱ्यातील अपुऱ्या अन्नावर वाढलेल्या नराची लाली पुढच्या पिसझडीनंतर फिकी पडते. बंदिवासात पुष्कळ पक्षी उत्तरोत्तर काळे पडत जातात, असाही पाळणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. लाल रंगासाठी विकत घेतलेला पक्षी घरात तो रंग टिकवीत नाही.

पिलू घरट्यातून बाहेर पडते तेव्हा त्याच्या अंगावर लाल रंगाचा लवलेशही नसतो. ते वरून तपकिरी व खालून फिकट असते, चोच काळपट असते आणि पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांऐवजी फिकट पिवळसर तपकिरी रंगाचे दोन आडवे पट्टे असतात.

मैदानी ओळख : वरील कारणांमुळे ‘लाल दिसली तरच लाल मुनिया’ ही समजूत वर्षातील निम्म्याहून अधिक काळ फसवी ठरते. हिवाळ्याच्या अखेरीस किंवा उन्हाळ्यात एखाद्या तळ्याकाठी साठ-सत्तर पक्ष्यांचा थवा उतरला, तरी त्यात एकही लाल नर नसणे शक्य असते. अशा वेळी चोचीच्या रंगावरही विसंबता येत नाही. काळी चोच पिलाची असते, तशी उन्हाळ्यातील प्रौढाचीही असते. प्रौढ नर व मादी या दोहोंत बारमाही टिकणारी खूण म्हणजे लाल कटी. बसलेल्या पक्ष्यात मिटलेल्या पंखांमुळे ती झाकली जाते. थवा गवतातून उठून पाठमोरा उडाला की तपकिरी अंगांमध्ये ही लाली क्षणभर चमकून जाते. अनुभवी निरीक्षक म्हणूनच थवा बसलेला असताना घाईने निर्णय न करता तो उडण्याची वाट पाहतात. कटीच्या जोडीला पंखांवरचे पांढरे ठिपके, डोळ्याजवळची काळी रेघ आणि आखूड काळी शेपटी या खुणा जुळल्या म्हणजे संशयाला जागा उरत नाही.

ज्या पक्ष्यांशी हिची गल्लत होते त्यांतील बहुतेक तिचे भाऊबंदच आहेत. ठिपकेदार मुनिया लोकवस्तीजवळ पुष्कळ आढळते. तिची चोच जाड व करडी-काळी असते आणि प्रौढ पक्ष्याच्या पांढऱ्या पोटावर खवल्यांसारखी तपकिरी नक्षी असते. ‘ठिपकेदार’ या विशेषणामुळे नवखा माणूस अनेकदा चुकतो. वस्तुतः सुटे, गोल, पांढरे ठिपके लाल मुनियेच्याच अंगावर असतात आणि दुसरीच्या अंगावर असतात ते खवले. पांढऱ्या गळ्याची मुनिया कोरड्या, काटेरी झुडुपांच्या माळावर राहते. ती फिकट मातकट रंगाची असून तिची शेपटी लांब, काळी व टोकदार आणि कटी पांढरी असते. काळ्या डोक्याची मुनिया ओल्या गवतात लाल मुनियेच्या शेजारी दिसते, पण तिचे काळे डोके, पांढऱ्या बाजू व विटकरी पाठ सहज ओळखता येतात. या जातींच्या पिलांचे मात्र तसे नाही. ती सर्व तपकिरी असतात आणि मिश्र थव्यात एकत्र चरतात. अशा वेळी बारीक चोच, लहान अंग व पंखांवरचे दोन फिकट पट्टे पाहावे, आणि तरीही खात्री न झाल्यास ‘मुनियेचे पिलू’ एवढीच नोंद करावी हे उत्तम. चुकीच्या नेमकेपणापेक्षा अशी मोघम नोंद अधिक उपयोगी असते.

हिवाळ्यात भारतात येणारा गुलाबी फिंच, ज्याला हिंदी भाषक ‘तूती’ म्हणतात, तो मात्र खरा फिंच आहे. त्याच्या नराचे डोके व छाती गुलाबी-लाल असल्याने वर्णन ऐकून त्यालाच लाल मुनिया समजले जाते. तो चिमणीएवढा असतो, त्याची चोच फुगीर व शेपटी टोकाशी खाच असलेली असते आणि अंगावर पांढरे ठिपके मुळीच नसतात. शिवाय तो थंडीत येतो. महाराष्ट्रात त्या दिवसांत लाल मुनियेचे नर आपला लाल वेश उतरवून ठेवू लागलेले असतात.

अधिवास व सवयी : पाण्याजवळचे उंच गवत हे या पक्ष्याचे खरे घर होय. तळ्यांचे व कालव्यांचे काठ, लव्हाळे व पाणकणीस माजलेल्या दलदली, खाडीकाठची गवताळ मैदाने, उसाचे मळे आणि पडीक, तणांनी भरलेली शेते या ठिकाणी तो आढळतो. दाट अरण्यात तो जात नाही. महाराष्ट्रात तो सर्वत्र सारख्या संख्येने नसून जेथे बारमाही ओल व उंच गवत एकत्र सापडते तेथेच वस्ती करून राहतो. मुंबईच्या परिसरात भांडुपचा खाडीकाठ व उरणच्या पाणथळी पक्षिनिरीक्षकांना या पक्ष्यासाठी परिचित आहेत.

गवताच्या बारीक बिया हे त्याचे मुख्य अन्न आहे. तुऱ्याला लोंबकळून तो बी टिपतो, तसाच जमिनीवर गळलेले बीही वेचतो. उभ्या काडीला पायांनी घट्ट धरून वरखाली सरकण्यात तो फार चपळ असतो. त्याच्या अल्प वजनाने बारीकशी काडीही फारशी वाकत नाही, त्यामुळे जड पक्ष्यांच्या आवाक्याबाहेरील तुरे त्याला मोकळे मिळतात. वाळवी व इतर लहान कीटकही तो सापडल्यास खातो.

विणीचा काळ सोडल्यास तो थव्याने राहतो. थवा अगदी दाटीने, पंखांची जलद फडफड करीत उडतो, गवतावर एक-दोन घिरट्या घेतो आणि एकाएकी खाली उतरून दिसेनासा होतो. उडताना सर्व पक्षी बारीक, तीक्ष्ण स्वरात सारखे एकमेकांना साद देत असतात. थवा पुष्कळदा दिसण्यापूर्वी ऐकू येतो. विश्रांतीच्या वेळी हे पक्षी एका काडीवर अंगाला अंग भिडवून बसतात आणि एकमेकांच्या डोक्यावरची व मानेवरची पिसे चोचीने साफ करतात. एकटा पडलेला पक्षी अस्वस्थ होऊन सारखा साद घालतो आणि दुरून उत्तर मिळताच त्या दिशेने उडून जातो. या स्वभावाचा माणसाने कसा उपयोग करून घेतला ते पुढे येईल. रात्री थवा लव्हाळ्यात किंवा उसाच्या मळ्यात मुक्कामाला उतरतो.

नराचे गाणे अगदी हलके, उंच स्वरातील व किलबिलाटासारखे असते. वाऱ्याने सळसळणाऱ्या गवतात ते दहा-वीस पावलांपलीकडे ऐकू येणे कठीण. बुलबुल किंवा दयाळ यांच्याप्रमाणे आवाजाने परिसरावर हक्क सांगणे हा त्या गाण्याचा हेतू नसतो. ते जवळ बसलेल्या मादीसाठी असते.

प्रजनन : बहुतेक पक्षी उन्हाळ्यात किंवा पावसाच्या प्रारंभी घरटी करतात. लाल मुनियेची वीण मुख्यतः पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होते व पाऊस सरल्यावरही चालू राहते. प्रदेशानुसार हा काळ मागेपुढे होतो. उशीर होण्याचे कारण तिच्या अन्नात आहे. जून-जुलैत गवत उगवते, पण त्याला बी धरते श्रावण-भाद्रपदात. हिरवे, दुधाळ बी पिलांना भरविण्यास सोयीचे असते, आणि तोपर्यंत गवतही घरटे लपविण्याइतके उंच झालेले असते.

या काळात थवे फुटून जोड्या वेगळ्या होतात. घरटे जमिनीपासून थोड्याच उंचीवर, दाट गवतात किंवा झुडुपात असते. गवताच्या पात्यांचा सैलसर चेंडू करून त्याला एका बाजूने तोंड ठेवलेले असते आणि आत मऊ तुरे व पिसे यांचे अस्तर असते. मादी बहुधा ५-६ शुभ्र अंडी घालते. नर व मादी दोघेही अंडी उबवितात व सुमारे १२ दिवसांनी पिले बाहेर येतात. या कुलातील पिलांच्या तोंडाच्या आतील भागावर ठळक काळे ठिपके असतात. बंद घरट्याच्या अंधारात घास कोठे घालावयाचा हे आईबापांना त्यांवरून कळत असावे असे मानतात. अन्न मागतानाही ही पिले इतर पक्ष्यांच्या पिलांसारखी मान उंच करीत नाहीत. ती मान खाली ठेवून व वळवून, तोंड वर करून चोच उघडतात. सुमारे तीन आठवड्यांनी पिले घरटे सोडतात आणि काही दिवसांनी स्वतंत्रपणे चरू लागतात. थंडीच्या सुरुवातीला दिसणाऱ्या थव्यांत या तपकिरी पिलांचा भरणा बराच असतो.

नाव व व्यापार : ॲमँडाव्हा व अवदावत ही दोन्ही नावे ‘अहमदाबाद’ या शहरनामाची युरोपीय तोंडी झालेली रूपे आहेत. पक्ष्याचा त्या शहराशी विशेष असा नैसर्गिक संबंध नाही. तेथून त्याचे पिंजरे बाहेर जात असत, एवढाच त्याचा अर्थ आहे. १६७३ मध्ये भारतात आलेले इंग्रज वैद्य जॉन फ्रायर यांनी अहमदाबादेहून येणाऱ्या, अंगावर पांढरे ठिपके असलेल्या लहान पक्ष्यांची नोंद केली आहे. एकेका पिंजऱ्यात पन्नास पक्षी ठेवीत आणि एकाने सुरुवात केली की बाकीचे त्याला साथ देत, असे ते सांगतात. फ्रायर यांचे वास्तव्य सुरत व मुंबई येथे होते व ते जुन्नरपर्यंतही जाऊन आले होते. त्यांचा प्रवासवृत्तांत १६९८ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा रीतीने या पक्ष्याची युरोपला ओळख बाजारातून झाली, आणि लिनीअस यांनी शास्त्रीय नाव देताना तोच बाजाराचा शिक्का त्यावर कायम केला.

पकडण्याची पद्धत पक्ष्याच्या सामाजिक स्वभावावर आधारलेली आहे. पाळलेला एखादा पक्षी लहान पिंजऱ्यात घालून गवताजवळ ठेवतात व शेजारी जमिनीवर जाळे पसरतात. पिंजऱ्यातील पक्ष्याची साद ऐकून वरून जाणारा थवा खाली उतरतो आणि दोन्ही बाजूंनी जाळे मिटले की एका वेळी संपूर्ण थवा हाती लागतो. वाहतुकीत व दाटीत यांतील पुष्कळ पक्षी मरतात. नराला लाल रंगामुळे अधिक भाव येतो. तपकिरी पक्षी खपावेत म्हणून मुनियांना हिरवा, पिवळा किंवा अन्य रंग लावून विकण्याचा प्रकारही भारतीय बाजारांत आढळला आहे. अशा रंगविलेल्या पक्ष्याचा रंग पहिल्या पिसझडीबरोबर जातो, म्हणजे तेवढे दिवस पक्षी जगलाच तर.

मूळ प्रदेश व प्रसार : पाकिस्तान, भारत, नेपाळ व बांगला देश, तसेच म्यानमार, चीनचा युनान प्रांत, आग्नेय आशियाचा काही भाग, जावा, बाली व लघु सूंदा बेटे हा या जातीचा नैसर्गिक प्रदेश समजतात. तिच्या तीन उपजाती मानल्या जातात. पिंजऱ्यांच्या व्यापारामुळे मात्र ती या प्रदेशाबाहेर फार दूर जाऊन पोहोचली. निसटलेल्या किंवा मुद्दाम सोडलेल्या पक्ष्यांपासून ईजिप्त, स्पेन, पोर्तुगाल, इटली, जपान, फिजी, रेयुन्यों, हवाई व वेस्ट इंडीजमधील काही बेटे येथे तिच्या रानटी वसाहती झाल्या. स्पेनमध्ये १९७० च्या दशकापासून तिची वीण होत असून तेथील ग्वाद्याना नदीच्या खोऱ्यात पाटाच्या पाण्यावरील शेतीलगत ती चांगली स्थिरावली आहे. अहमदाबादचे नाव धारण करणारा पक्षी एखाद्या स्पॅनिश शेतकऱ्याला आज आपल्या बांधावरचा वाटत असेल, तर नवल नाही.

ॲमँडाव्हा वंशात आणखी दोन जाती आहेत. नारिंगी छातीची आफ्रिकी मुनिया सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस राहते. दुसरी हिरवी मुनिया (ॲमँडाव्हा फॉर्मोझा) फक्त भारतातच आढळते. ती वरून पिवळट हिरवी व खालून पिवळी असून तिच्या बाजूंवर काळे-पांढरे आडवे पट्टे असतात व चोच लाल असते. राजस्थानातील अबूचा पहाड व मध्य भारतातील काही भाग येथे ती तुरळक राहिली आहे. व्यापारासाठी होणारी पकड हे तिच्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण असून आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने तिची गणना असुरक्षित जातींत केली आहे. साध्या मुनियांना हिरवा रंग लावण्यामागे याच दुर्मिळ पक्ष्याची नक्कल करण्याचा हेतू असतो.

संरक्षण : लाल मुनियेची जात समग्रपणे पाहता धोक्यात नाही. तिचा प्रदेश विस्तीर्ण असल्याने आंतरराष्ट्रीय सूचीत ती काळजी नसलेल्या जातींत मोडते. परंतु एवढ्यावरून एखाद्या तालुक्यातील किंवा खाडीकाठची स्थिती कळत नाही. थवे एकाच दलदलीला धरून राहत असल्यामुळे तेवढी जागा भराव घालून बुजविली, गवत पेटविले किंवा बी धरण्यापूर्वीच कापले, की तेथील वस्ती संपते. शेताच्या बांधावरील तणांवर तणनाशके फवारली म्हणजे तिच्या अन्नाचा आणखी एक आधार जातो.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये झाला. तरीही त्यानंतर काही वर्षे मुनियांचा व्यापार चालू होता. १९९०-९१ मध्ये रानातील देशी पक्ष्यांच्या व्यापारावर सरसकट बंदी आली. त्यामुळे आज लाल मुनिया पकडणे, विकणे किंवा विकत घेणे हा गुन्हा आहे. चोरटा व्यापार मात्र पूर्णपणे थांबलेला नाही, आणि येथेच पक्षी ओळखण्याचा प्रश्न केवळ हौशी निरीक्षकांचा राहत नाही. उन्हाळ्यात जप्त केलेल्या पिंजऱ्यातील तपकिरी पक्षी पाहून ते परदेशी पाळीव फिंच आहेत असे विक्रेता सांगतो. तपासणाऱ्याला फक्त लाल नराचे चित्र माहीत असेल, तर त्याची फसगत होऊ शकते. पक्षी हाती घेऊन कटीवरील पिसे फुंकराने बाजूला केली, की प्रौढाची लाली उघडी पडते. रंग लावला असल्यास ओल्या कापसाने पुसूनही पुष्कळदा तो उतरतो व खालचा मूळ पिसारा दिसतो.

जप्त केलेले पक्षी लगेच जवळच्या झाडीत सोडून देण्याने त्यांची सुटका होत नाही. या पक्ष्यांना पाणी व बी धरलेले उंच गवत लागते. शिवाय ते एकेकटे न सोडता थव्यानेच, आणि शक्यतो आधीपासून मुनियांचा वावर असलेल्या ठिकाणी सोडावे लागतात. फार काळ कोंडलेल्या पक्ष्यांची झडलेली पिसे भरून येईपर्यंत त्यांना मोठ्या, उडता येईल अशा पिंजऱ्यात ठेवणे इष्ट असते. रंगविलेले पक्षीही मूळ पिसारा परत येईपर्यंत तसेच ठेवावेत, कारण भडक हिरवा पक्षी तपकिरी थव्यात शिकऱ्याच्या नजरेत प्रथम भरतो.